केजमधली बनगरवाडी

१९८३ साली अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. त्याच वर्षी त्यांच्या 'सत्तांतर'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण आम्हा मास्तर मंडळींच्या तोंडी नाव होतं ते 'बनगरवाडी'चं. बीड जिल्ह्यातल्या केजहून एस.टी.नं गेलो, मांडवातल्या गर्दीत मागं उभं राहून त्यांना पाहिलं आणि येताना पुस्तक घेऊन आलो.

कादंबरी १९५५ची. लिहिणाऱ्यानं तिशीही गाठली नव्हती. औंध संस्थानातली धनगरांची वस्ती, तिथं आलेला कोवळा मास्तर राजाराम, आणि पोरं शाळेत येणार कशी, कारण त्यांच्या मागं मेंढरं. माझ्यापुढं मेंढरांच्या जागी ऊस होता. बालाघाटाच्या अंगाला माझी पहिली शाळा. दसऱ्यापर्यंत गजबजलेला वर्ग दिवाळीनंतर अर्धा व्हायचा. आईबापांबरोबर पोरं सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात, कारखान्यांच्या फडावर ऊसतोडीला गेलेली असायची. ज्या घरी म्हातारी असेल, तिथलं एखादं पोर मागं राहायचं. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा करताना राजाराम मास्तर मला थोरल्या भावासारखा वाटायचा. वस्तीवरच्या लोकांची पत्रं तो लिहून देतो, त्यांची बारीकसारीक कामं अंगावर घेतो, सगळ्यांना जमवून तालीम बांधून घेतो. मास्तरकीच्या पगारात न बसणारी ही कामं कुणीतरी लिहून ठेवली आहेत, याचाच मला आधार होता.

पुढं संसार, बदल्या, मुलांची शिक्षणं. पुस्तक कपाटात राहिलं.

ते पुन्हा काढलं २०१६च्या उन्हाळ्यात. आमच्या तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. लातूर शहर त्याच पाण्यावर जगतं. ते धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरज सांगली जिल्ह्यात. माडगूळकरांचं माडगूळही त्याच जिल्ह्यात, पण आटपाडी तालुक्यात, पाऊस हुलकावणी देतो त्या बाजूला. एकाच जिल्ह्याचं एक टोक कृष्णेकाठचं आणि दुसरं तहानलेलं, हे नकाशात बघताना पुस्तकातला दुष्काळ मला वेगळा दिसू लागला. वाडीवर पाऊस पडत नाही, चारा संपतो, मेंढरं मरतात, माणसं बाहेर पडतात. हे सगळं एकट्या आभाळाच्या माथी मारता येत नाही, हे केजमध्ये राहून कळतं. पाण्याची वाटणी माणसं करतात, आणि त्या वाटणीत काही गावं कायम शेवटी असतात.

निवृत्तीनंतर आम्ही काहीजण रविवारी एकत्र बसून वाचू लागलो. एक अंगणवाडी सेविका, औषधांच्या दुकानात काम करणारा एक गृहस्थ, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दोन मुलं, मी, आणि सेविकाबाईंच्या शेजारच्या मावशी. मावशींनी उमेदीची सारी वर्षं ऊसतोडीत घालवली. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून त्या गावातच असतात. त्यांना सलग वाचायला जमत नाही. म्हणून आम्ही मोठ्यानं वाचतो, आळीपाळीनं. पहिलं पुस्तक 'बनगरवाडी'च घ्यायचं, हा हट्ट माझा.

एका रविवारी एका धनगराचा प्रसंग आला. पाऊस पडून गेलाय, घात आलीय, बैल एकच आहे, दुसरा मिळत नाही. तेव्हा त्याची बायको स्वतः जुवाखाली खांदा देते. वाचणाऱ्या पोराचा आवाज जड झाला. औषधवाले म्हणाले, "केवढा त्याग बाईचा!" मी मान डोलावली. मावशी मात्र स्वस्थ बसल्या होत्या.

"त्यात त्याग कसला, गुरुजी?" त्या म्हणाल्या. "मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. बाईनं खांदा काढला तर घरावरची उचल फिटणार कशी? तिला कुणी इचारलं का, तुझं दुखतंय का म्हणून? तेवढं वाचा."

आम्ही पुन्हा वाचलं. प्रसंग मास्तरच्या नजरेतून येतो. त्याला नवल वाटतं, त्याचा जीव कळवळतो, आणि ते त्याच्या वयाला शोभतंच. पण त्या बाईच्या मनात काय चाललंय ते आपल्याला तिच्या तोंडून कळत नाही. वर्षानुवर्षं मी हे पुस्तक मास्तरच्या खांद्यावरून पाहत आलो; मावशींनी ते शेताच्या बांधावरून पाहिलं. माडगूळकरांचं मोठेपण मला इथंच दिसतं. ते बाईला उगाच बोलायला लावत नाहीत, तिच्या तोंडी तत्त्वज्ञान घालत नाहीत. फक्त तिला नांगराला जुंपलेली दाखवतात. पुढचं बोलायला मावशींसारखं कुणीतरी लागतं, आणि ते शहरातल्या चर्चासत्रात भेटेलच असं नाही.

शेवटाकडं येताना पोरं गप्प होती. वाडी ओस पडते. परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे संपलं गाव." त्याचे आईवडील अजून फडावर जातात. मावशींना ते पटलं नाही. "संपतंय कुठं? पाडव्याच्या आसपास येतात की सगळी. घरं झाडून घेतात, लग्नं काढतात." मुलगा हट्टाला पेटला. येतात आणि पुन्हा उचल घेतात, मग येणं ते कसलं, असं त्याचं म्हणणं. त्या वादावर दोन रविवार गेले. सेविकाबाईंनी हंगामी वसतिगृहाचा विषय काढला. आईबाप फडावर असताना पोरांच्या जेवणाची गावातच सोय झाली तर वाडी निम्मी तरी भरलेली राहते, असं त्यांनी सांगितलं. मला मावशींचं आणि मुलाचं, दोघांचंही खरं वाटलं, आणि मी कुणाचीच बाजू घेतली नाही. कादंबरी वाडी ओस पाडून थांबते. केजला मात्र त्या पुढची पानं दरवर्षी जगावी लागतात.

पुस्तक संपल्यावर पुढचं काय वाचायचं, हे मावशींनीच ठरवलं. "आता बाईच्या बाजूनं लिहिलेलं काढा," म्हणाल्या. मी उद्धव शेळक्यांची 'धग' काढली. १९६०ची, वऱ्हाडातल्या कौतिकची, घर सावरता सावरता झिजणाऱ्या बाईची. पहिली पानं झाली आहेत. मावशी मधेच थांबवतात, मागचं पुन्हा वाचायला लावतात, आणि कौतिकच्या नवऱ्यावर आतापासूनच चिडल्या आहेत.