मुंजाबाच्या बोळात मोसासॉर

मॉल झाले, मल्टिप्लेक्स झाले, लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्येही अडकून झालं? मग या वीकेंडला वीस बाजूंचा फासा खिशात टाका आणि चला नारायण पेठेत. सोबत नेऊ या काही फार जुने, फार मोठे आणि फार दातेरी पाहुणे.

रविवारी सकाळी माणूस नारायण पेठेत कशाला जातो? बेडेकरांच्या मिसळीला, बरोबर. केसरीवाड्याला, मोदी गणपतीला, नाहीतर कुठल्या तरी काकूंनी सांगितलेला मसाला आणायला. आमचा पाच जणांचा ग्रुप मात्र गेले तीन महिने तिथे राक्षस बनवायला जमतोय. हिंजवडीतले दोन आयटीवाले, एक आर्किटेक्ट, एक डेंटिस्ट आणि अस्मादिक. अड्डा म्हणजे आर्किटेक्टच्या आजीचं केळकर रस्त्याजवळचं घर. जुना वाडा, कुरकुरणारा जिना, वर दोन खोल्या, आणि एका खोलीच्या मधोमध भलंमोठं शिसवी टेबल. एवढं टेबल वाकडमधल्या टू बीएचकेमध्ये मावणारच नाही, म्हणून खेळ पेठेत!

खेळ कुठला? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन मंडळींनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात, तोच. यात स्क्रीन नाही, जॉयस्टिक नाही. एकजण, म्हणजे 'डीएम', गोष्ट सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राचं काय करायचं ते ठरवतात. पुणेकरांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर हे कीर्तनच, फक्त मधेच श्रोत्यांनी उठून बुवांना सांगायचं, 'आम्ही त्या गुहेत जाणार नाही.' मग फासा पडतो आणि काय होणार ते कळतं.

नावातच सगळं आहे

या खेळाला पेठेइतकी फिट जागा नाही. नावंच बघा ना! मुंजाबाचा बोळ. पत्र्या मारुती. माती गणपती. डीएमने रात्रभर डोकं खाजवलं तरी असली नावं सुचणार नाहीत. आणि पेठ कुणाच्या नावाची, तर नारायणराव पेशव्यांच्या. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात ज्यांचा खून झाला आणि ज्यांची 'काका, मला वाचवा' ही हाक आजही तिथे ऐकू येते असं म्हणतात, तेच.

खरेदीही सगळी चालत्या अंतरावर. नकाशासाठी आलेखवही आणि पेन्सिली अप्पा बळवंत चौकात. तिथला काउंटरवाला 'कितवीची?' असं विचारतो, त्याला तिशीला टेकलेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. तिथून लक्ष्मी रोड ओलांडून तुळशीबागेत, प्लॅस्टिकच्या प्राण्यांच्या पाकिटासाठी. हे पाकीट म्हणजे चेष्टा नव्हे बरं का. या खेळातले 'आउलबेअर' आणि 'रस्ट मॉन्स्टर' हे गाजलेले राक्षस गायगॅक्सने हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांवरूनच बेतले होते. म्हणजे तुळशीबागेतून राक्षस आणणं ही या खेळाची अस्सल परंपरा झाली!

आमच्या पाकिटात एक लांब मानेचा, वल्ह्यांसारख्या चार पायांचा प्राणी निघाला. पाकिटावर लिहिलं होतं 'डायनोसॉर'. डेंटिस्टबाई लगेच सरसावल्या. हा डायनोसॉर नाहीच. हा प्लेसिओसॉर. डायनोसॉर जमिनीवर राज्य करत होते, तेव्हा समुद्रात राहणाऱ्या सरीसृपांची घराणी वेगळी होती. तिथेच आमच्या नव्या मोहिमेचा विषय ठरला.

सहाशे फेऱ्यांचा श्वास

आता जरा आतली गोष्ट. राक्षस बनवणं म्हणजे एका छोट्या चौकटीत आकडे भरणं. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत प्लेसिओसॉर आयताच मिळतो. जीव ६८, अंगाचा बचाव १३, पोहण्याचा वेग ४० फूट, चावा १० फुटांवरून, आणि श्वास रोखण्याची ताकद एक तास. तुमच्या फाशाचा आकडा अधिक तुमचं कौशल्य १३ किंवा जास्त झालं की वार लागला. संपलं. सुसरीची चौकट याहून फार वेगळी दिसत नाही. चार वार करा, मेला, पुढे चला.

आमच्या डीएमला हे पटेना. त्याचं म्हणणं, आधी प्राणी वाचा, मग आकडे लिहा. श्वासाचंच घ्या. या खेळात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते. तासाभराचा श्वास म्हणजे सहाशे फेऱ्या. आणि आमची सर्वांत लांबलेली लढाई दहा फेऱ्यांत आटोपली होती! म्हणजे नियम कागदावर आहे, पण टेबलावर तो कधीच लागू होत नाही. खरं तर हे सगळे प्राणी फुप्फुसांनी श्वास घेणारे. कितीही मोठे असले तरी त्यांना वर यावंच लागायचं. समुद्रावर राज्य करायचं आणि हवेची उधारी ठेवायची, ही त्यांची खरी गोष्ट. ती गाळली तर उरतं फक्त मोठं तोंड.

मग आम्ही तीन प्राणी नव्याने लिहिले.

पहिला लांब मानेचा इलॅस्मोसॉरस. त्याच्या मानेत ७२ मणके होते. तुमच्या-माझ्या मानेत सात, जिराफाच्याही सातच. त्याची हाडं पहिल्यांदा जुळवताना एडवर्ड कोप या अमेरिकन शास्त्रज्ञाने डोकं चक्क शेपटीच्या टोकाला लावलं होतं, इतकी ती मान अविश्वसनीय. पण हंसासारखी मान उंच काढून तो पाण्याबाहेर बघू शकत नव्हता, असं आता मानलं जातं. म्हणजे तुळशीबागेतलं ते ऐटबाज खेळणं चूकच. आमच्या नियमात त्याची मान फक्त पाण्याखाली आणि आडवी फिरते. गढूळ पाण्यात खेळाडूंना आधी दिसतो एक साप. सापाशी लढायला ते पुढे सरकतात, आणि मग कळतं की साप संपतच नाहीये.

दुसरा इक्थिओसॉर, माशाच्या आकाराचा सरीसृप. हा तर जवळपास शेजारी म्हणायचा! कच्छमधल्या लोडाई गावाजवळ सापडलेला सुमारे साडेपाच मीटरचा, जवळजवळ अख्खा सांगाडा २०१७ मध्ये जाहीर झाला. वय सुमारे १५ कोटी वर्षं. तो बहुधा ज्या घराण्यातला, त्यातल्या ऑफ्थॅल्मोसॉरसचे डोळे २० सेंटिमीटरहून रुंद होते. आपल्या जेवणाच्या ताटापेक्षा थोडेच लहान. म्हणून आमचा इक्थिओसॉर अंधारात उत्तम बघतो, आणि खेळाडूंनी मशाल पेटवली की तो लांब जातो. पण मशाल पाण्याखाली न्यायची कशी? बसा डोकं लढवत.

तिसरा, माझा लाडका, मोसासॉर. मोठ्यातला मोठा बारा मीटरच्या आसपास, म्हणजे पीएमपीच्या लांब बसएवढा. टाळूवर दातांची आणखी एक रांग, गिळताना भक्ष्य मागे सुटू नये म्हणून. (हे वाचून आमच्या डेंटिस्टचा चेहरा जो खुलला!) आणि नातेवाईक कोण? घोरपडी आणि साप. हो, सिंहगडाच्या दंतकथेत तानाजींनी जिच्या कमरेला दोर बांधला, त्या यशवंतीचा हा दूरचा चुलत आजोबा. ग्रुपमध्ये त्याचं नाव 'यशवंतराव' पडलं. यशवंतरावांचा नियम असा, की प्रत्येक जोरदार झेपेला श्वास खर्च होतो. तीन झेपा झाल्या की वर येणं भाग. तेव्हा जो खेळाडू पाण्यावरचे बुडबुडे मोजत असेल, त्याला एक फेरी मिळते. त्या फेरीत वार करायचा, पळायचं की त्याला श्वास घेऊ द्यायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

बारा जुलै

प्राणी तयार झाले, आता जागा हवी. डीएमने आलेखवहीवर मुठा काढली, लकडी पूल काढला, ओंकारेश्वर काढलं, खाली बारीक बोळ काढले आणि वर तारीख लिहिली, १२ जुलै १९६१. पानशेत. पाण्याबरोबर यशवंतराव पेठेत शिरणार. कबूल करायला हवं, ऐकताना अंगावर काटा आला. त्या अरुंद बोळातून बसएवढं जनावर!

चहा घेऊन आलेल्या आजींनी नकाशा बघितला. त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. ट्रे ठेवला आणि आमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं ते हाताने दाखवलं. पाणी ओसरल्यावर घरात राहिलेला चिखल, त्याचा वास, समोरच्या वाड्याची पडलेली भिंत, आणि वर्गातल्या दोन मुली ज्या नंतर शाळेत आल्याच नाहीत. मग त्यांनी आम्हाला पोहे हवेत का ते विचारलं.

त्या दिवशी फासा पडलाच नाही. वाद मात्र झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. डीएमचा मुद्दा चुकीचा नव्हता. युद्धांवर सिनेमे निघतात, भूकंपांवर कादंबऱ्या लिहिल्या जातात, मग खेळानेच सोवळं का पाळायचं? उलट आमच्यापैकी निम्म्यांना पानशेत म्हणजे बोटिंग एवढंच माहीत होतं, या खेळामुळे निदान तारीख तरी कळली. आर्किटेक्टचं म्हणणं वेगळं होतं. तो पूर आभाळातून पडला नव्हता. काम पुरतं झालेलं नसताना पाणी अडवलेलं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. त्यात माणसांचे निर्णय होते. पाण्यात राक्षस सोडला की सगळा दोष राक्षसावर जातो, आणि राक्षस मेला की गोष्ट सुखाने संपते. आजींच्या वर्गातल्या त्या दोन मुलींची गोष्ट तशी संपत नाही.

मला आर्किटेक्टचं पटलं. राक्षस भीतीला तोंड देतो, ते त्याचं कामच. पण ज्या भीतीला आधीच नाव आहे, तारीख आहे आणि हिशेब बाकी आहे, तिथे तो मधे उभा राहून हिशेब झाकतो. खरा पूर खेळायचाच तर तो राक्षसाशिवाय खेळावा. ती हिंमत आमच्यात अजून नाही.

पायाखालचा दगड

मग यशवंतराव कुठे जाणार? उत्तर पायाखालीच होतं. उन्हाळ्यात मुठेच्या पात्रात उघडा पडणारा काळा खडक बघितलाय? वाड्यांच्या जोत्यातही तोच काळा दगड. हा दख्खनचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. आणि जगातले शेवटचे मोसासॉर संपले तेही साधारण त्याच सुमारास, मेक्सिकोजवळ तो प्रसिद्ध अशनी आदळला तेव्हा. पुण्यात मोसासॉरचं हाड सापडणार नाही, कारण आपला लाव्हा जमिनीवर पसरला होता. पण ज्या जोत्याला टेकून आपण चहा पितो तो दगड तापलेला असताना लांब कुठल्या तरी समुद्रात यशवंतरावांची भाऊबंदकी श्वास घ्यायला वर येत होती. मला तर हे कुठल्याही भुतापेक्षा भारी वाटतं.

नकाशा बदलला. आता एक काल्पनिक किनारा, मागून सरकत येणारा लाव्हा, उकळायला लागलेलं पाणी. पळणारे खेळाडू, आणि त्याच खाडीतून पळणारा मोसासॉर. पाचव्या फेरीला तो वर आला. डेंटिस्टबाईंच्या हातात भाला होता, फासा होता, आणि बुडबुडे त्यांनीच मोजले होते. त्यांनी भाला खाली ठेवला. मागच्या तीन महिन्यांत आमच्या टेबलावर एवढी शांतता कधी झाली नव्हती. आयटीवाल्यांपैकी एकाने तर फोनही उलटा ठेवला, म्हणजे बघा!

तेव्हा मंडळी, राक्षस बनवायचा असेल तर त्याचे दात मोजण्याआधी त्याची अडचण शोधा. आणि तो कुठल्या गल्लीत सोडायचा, हे त्या गल्लीतल्या एखाद्या आजींना विचारून ठरवा.

जाल तर असं

कसं पोचाल? डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनला उतरा आणि चालत नदी ओलांडा. दुचाकी असेल तर झेड ब्रिज आहेच. चारचाकी आणलीत तर पार्किंग शोधणं हीच तुमची पहिली मोहीम.

काय खाल? मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ, स्लाइस ब्रेडबरोबर. लवकर जा, रविवारी रांग असते. नंतर प्रभा विश्रांतीगृहाचा बटाटेवडा.

काय घ्याल? आलेखवही आणि पेन्सिली अप्पा बळवंत चौकात, प्लॅस्टिकचे प्राणी तुळशीबागेत. वीस बाजूंचा फासा ऑनलाइन मिळतो.

नियम? पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत. प्लेसिओसॉर त्यातच आहे. श्वासाचा नियम मात्र आमचा वापरा!