आत्याने चाखलेला समुद्र

तेरखेडा हे फटाक्यांचे गाव. दिवाळी सरेपर्यंत तिथल्या माणसाला उसंत कुठली! म्हणून गेल्या वर्षी आम्ही पुण्या-मुंबईची भावंडे आणि गावची मंडळी दिवाळी उरकल्यावर मालवणला जमलो.

पंच्याहत्तरीच्या आत्याने समुद्र पाहिला नव्हता. तिने ओंजळभर पाणी जिभेला लावले आणि थुंकून म्हणाली, “एवढं पाणी, अन् घोटभर प्यायचं न्हाई व्हय?”

मुले खिदळली. मला हसू आले नाही. १९७२ च्या दुष्काळात हीच आत्या कडेवर मूल घेऊन एका घागरीसाठी वणवण हिंडली होती.

होडीने सिंधुदुर्गावर गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला, राजाराम महाराजांनी येथे शिवरायांचे मंदिर बांधले, वगैरे माझी पंतोजीगिरी चालू होती. आत्या ऐकत होती की नाही, देव जाणे. घुमटीतल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढे मात्र ती बराच वेळ हात जोडून उभी होती.

पुढे दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी लागल्या. चहूकडे खारा दर्या आणि आत गोडे पाणी! गडावर काही कुटुंबे राहतात. त्यांतल्या एका बाईने तांब्याभर पाणी आणून दिले. आत्या सावकाश प्याली.

“गोड हाय गं,” एवढेच म्हणाली आणि बाटली भरून मागितली.

परतताना फोंडा घाटात नातू पाणी मागू लागला. आत्याने त्याला दुसरी बाटली दिली. ही तेरखेड्याच्या तुळशीसाठी होती.