बावीस डिसमिल

घराची किंमत काढताना जमीन वेगळी मोजायची आणि बांधकाम वेगळं. बांधकामाला वय असतं, जमिनीला नसतं. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून रायपुरात बँकांसाठी मूल्यांकनाचे अहवाल लिहितो आहे, आणि या एका हिशोबाने शेकडो घरं कागदावर उतरवली आहेत. तात्यापाऱ्यातल्या आमच्याच घराची पाळी आली, तेव्हा सही करण्याचा प्रश्न नव्हता. ज्याचा घरात हिस्सा आहे त्याने अहवालावर सही करायची नसते. सही दुसऱ्या मूल्यांकनकाराची. पण पुण्याच्या चुलतभावाचा फोन आला, "तो काहीही आकडा लिहील रे. खरा किती ते तू बघ."

आजोबांनी घर बांधलं १९३८ साली. रायपुरात महाराष्ट्र मंडळ निघालं १९३५ मध्ये, म्हणजे मराठी माणूस इथे आता कायमचा राहणार असं त्या पिढीने ठरवलेलं दिसतं. माधवराव सप्रे, वामनराव लाखे यांचं हे गाव; आमचे आजोबा त्यांच्यासारखे कोणी नव्हते, कचेरीत कारकून होते. पण जागा घेतली ती ऐसपैस. समोर चाळीस फूट रुंद आणि आत दोनशे चाळीस फूट खोल, म्हणजे ९,६०० चौरस फूट. जुन्या कागदावर बावीस डिसमिल. पुढे ओसरी, माजघर, मधलं अंगण, स्वयंपाकघर. मग आंबा, विहीर, आणि त्याही मागे नुसतं गवत.

चुलतभावांनी मोठ्या रस्त्याचा भाव कुठूनतरी मिळवला होता आणि त्याला ९,६००ने गुणलं होतं. येणारा आकडा पाहून माणसाला झोप लागत नाही. पण आमचं घर मोठ्या रस्त्यावर नाही, गल्लीत आहे. गल्लीच्या रुंदीवर किती मजले चढवता येतील ते ठरतं, आणि बिल्डर त्या मजल्यांचे पैसे देतो, मातीचे नाही. शारदा चौक ते तात्यापारा चौक हे रुंदीकरण किती वर्षं रखडलं हे रायपूरकरांना सांगायला नको; त्या आशेवर कितीतरी घरांचे भाव कागदावर वाढले आणि कागदावरच राहिले.

शिवाय खोल जागेचा मागचा भाग पुढच्या भावाने जात नाही. आमच्यात त्यासाठी पट्टे पाडायची रीत आहे. पुढच्या पन्नास फुटांना पूर्ण भाव, त्यामागच्या पंच्याहत्तर फुटांना दोन तृतीयांश, उरलेल्याला निम्मा. म्हणजे २,००० चौरस फूट पूर्ण. ३,०००चे धरायचे २,०००. आणि मागच्या ४,६००चे २,३००. बेरीज ६,३००. जागा ९,६००ची, पण भाव ६,३००चा. ही बेरीज मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली तेव्हा दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही.

(रुपयांतले आकडे इथे देत नाही. बोलणी चालू आहेत.)

सरकारी गाइडलाइन दराचं तर विचारू नका. २०१९ साली त्यात ३० टक्के सवलत आली आणि २०२४च्या मार्चअखेर संपली. ७०चे पुन्हा १०० झाले, म्हणजे ३१ मार्चला झोपलेलं घर १ एप्रिलला जवळजवळ ४३ टक्क्यांनी महाग होऊन उठलं. एक कवेलू हललं नव्हतं. आयकराला आणखी वेगळीच किंमत लागते: विकताना नफा मोजायला १ एप्रिल २००१ रोजी घर केवढ्याचं होतं ते सांगावं लागतं. राज्य झालं १ नोव्हेंबर २०००ला. राजधानी होऊन बरोबर पाच महिने झालेल्या रायपूरचे भाव आज आठवून लिहायचे. त्या वर्षीचे नोंदवलेले व्यवहार शोधायला मी तीन दिवस घालवले.

आता बांधकाम. सूत्राप्रमाणे भिंतीवर भार घेणाऱ्या अशा घराचं आयुष्य साठ वर्षं धरलं, तर आमचं घर केव्हाच संपलेलं आहे. संपलेल्या घराची किंमत म्हणजे पाडून जे हाती येईल ते, साधारण दहा टक्के. सागवानी तुळया, सरईचे खांब, विटा, दारं. अधिकृत अहवालात हेच आलं, आणि नियमाने ते बरोबर आहे. बँकेच्या बाजूने बसलो असतो तर मीही तेच लिहिलं असतं. पण सूत्र फक्त जन्मसाल विचारतं, तब्येत विचारत नाही. तब्येत बघायला घरात जावं लागतं.

गेल्या जूनमध्ये एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन गेलो. भिंती दीड फुटी, विटा चुन्यात बांधलेल्या. ओळंबा सोडला, सगळ्यात वाईट भिंतीचा झोल अर्ध्या इंचाचा. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे आधी कुजतात, म्हणून प्रत्येक टोकात पेचकस खुपसून पाहिला. चौदांपैकी दोन मऊ लागली, दोन्ही गळक्या पन्हळीखाली. पश्चिमेच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल होती. कारण १९८६ साली घरात कोणीतरी हौसेने चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून वर चढवतं. मिस्त्रीने भिंतीवर थाप मारून पोकळ आवाज ऐकवला आणि म्हणाला, "भिथिया तो बने हे बाबू, पानी ला रोकव."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिरकी भेग होती. तिथे मला खरी धास्ती, कारण मागच्या भागात कन्हार माती आहे. कन्हार पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वर बांधलेलं सगळं मागेपुढे ओढते. पुढचा भाग मटासीवर आहे, त्याला त्रास नाही. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहिली. भेग वाढत असेल तर काच तडकते. पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. काच शाबूत आहे. भेग जुनी आहे आणि थांबलेली आहे.

त्याआधी मेमध्ये दुपारी तीन वाजता ओसरीबाहेर तापमान ४४ होतं. माजघरात, मातीच्या माळ्याखाली, ३४. कूलर बंद. ही दहा अंशांची तफावत अहवालात लिहायला रकानाच नाही.

त्या माजघरात आत्या राहते. वय ८१, शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही. हिशोबात ती कुठे बसते यावर पुण्याच्या भावाचं म्हणणं होतं की तिला "राहायचा हक्क" आहे. तसं नाही. आजोबा १९६१मध्ये मृत्युपत्र न करता गेले आणि घर त्यांनी स्वतः कमावलेलं. १९५६च्या उत्तराधिकार कायद्याने मुलगे तीन आणि मुलगी एक, आजीच्या मागे प्रत्येकी चौथा हिस्सा. मात्र राहत्या घराची वाटणी मुलीने मागायची नाही, मुलग्यांनी मागेपर्यंत थांबायचं, असं कलम तेव्हा होतं. ते २००५ साली निघालं. चव्वेचाळीस वर्षं ती मालकीण होती आणि तिला वाटणी मागता येत नव्हती. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "मागून काय केलं असतं? इथेच राहिले असते."

तिच्या चौथ्या हिश्श्यात नव्या रायपुरात दोन खोल्यांचा फ्लॅट येईल आणि वर थोडी ठेव उरेल. कागदावर हे न्याय्य आहे. पण हनुमान मंदिर, पेन्शनची बँक, औषधवाला आणि भाजीवाली चालत जाण्याच्या अंतरावर असलेली तळमजल्यावरची जागा त्या पैशांत तात्यापाऱ्यात मिळत नाही. म्हणजे जी वस्तू माझ्या भावांच्या हातात तेवढ्याच किमतीची आहे, ती आत्याच्या हातातून काढली की पुन्हा त्या किमतीला विकत घेता येत नाही. तिने मला एवढंच विचारलं होतं, "पाणी कुठून येईल?" आमची विहीर आजवर एकाही उन्हाळ्यात आटलेली नाही.

माझाही हिस्सा आहे, चौथ्यातला चौथा, सोळावा. तेव्हा मी निःपक्षपाती आहे असं म्हणत नाही. पण आकडेमोड करताना एक गोष्ट दिसली. आमच्या मागे दुसऱ्या रस्त्यावर तोंड असलेला एक दवाखाना आहे आणि त्यांना गाड्या लावायला जागा नाही. आमचे शेवटचे पंच्याहत्तर फूट, म्हणजे ३,००० चौरस फूट, आमच्या बाजूने निम्म्या भावाचे. त्यांच्या बाजूने ते त्यांच्या रस्त्याला जोडले जातात आणि पूर्ण भावाचे होतात. विचारलं, तर त्यांची तयारी आहे. पुढे उरतात एकशे पासष्ट फूट. पट्ट्यांनी मोजले तर ४,८००. दोन्ही मिळून ७,८००. अख्खं विकलं तर ६,३००. विहीर दीडशे फुटांवर आहे, ती आपल्याकडेच राहते.

तीन भावांच्या हिश्श्यांची बेरीज ४,७२५ होते. त्यातले ३,००० आत्ताच हातात येतात. बाकीचं आत्या आहे तोवर तसंच. तुकडा पाडायला नगर निगमची परवानगी लागेल, आणि आंबा नेमका कोणत्या बाजूला पडतो ते फीत लावून बघायचं आहे. पुण्याचा भाऊ दोन दिवस विचार करून हो म्हणाला. न्यू जर्सीच्या भावाने फोटो मागवले, मग कराचं विचारलं. अनिवासी असल्यामुळे त्याला २० टक्के आणि १२.५ टक्के यांतून निवडता येत नाही, सरळ साडेबारा लागतो. हे कळल्यापासून तो गप्प आहे.

मधल्या काळात छप्पर थांबत नाही. माकडांनी यंदा स्वयंपाकघरावरची दोन ओळी कवेलू फोडली आहेत. मिस्त्री अक्तीनंतर येतो म्हणाला. शाकारणी, पन्हळ, दोन तुळयांची टोकं आणि पश्चिमेचा सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुना. खर्चाचे सोळा भाग करून मी सगळ्यांना कळवले आणि माझा आत्याकडे देऊन आलो. तिने तो वहीत लिहून घेतला. पुण्याचे चार भाग आले आहेत. न्यू जर्सीचे यायचे आहेत.