पाच की वीस?

साठी उलटली, की ज्या अवयवांची नावेही आपण जन्मात घेतली नव्हती, ते एकेक करून आपली ओळख करून देऊ लागतात. प्रोस्टेट ग्रंथी ही त्यांतलीच. आकाराने अक्रोडाएवढी, वास्तव्य मूत्राशयाच्या दाराशी, आणि स्वभाव म्हातारपणी चिडका!

अडुसष्टाव्या वर्षी माझ्या रक्ताची तपासणी झाली, मग तुकडा काढून पाहिला, आणि तिच्यात कर्करोग निघाला. "लवकर सापडलाय, ग्रंथीबाहेर गेलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "घाई नको. विचार करून सांगा."

आता आमच्या पिढीला एवढेच ठाऊक, की डॉक्टरांनी सांगावे आणि आपण ऐकावे. पण इथे विचाराला जागा होती. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी झाली होती : नुसती नजर ठेवणे, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. पंधरा वर्षांचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. या रोगाने दगावलेले तिन्ही गटांत शंभरात दोन-तीनच. नजर ठेवलेल्यांत मात्र रोग पसरला तो शंभरात नऊ जणांत, इतरांत पाच जणांत. शस्त्रक्रियेने लघवीवरचा ताबा आणि पतिपत्नींचे खाजगी सुख यांना अधिक धक्का बसतो; किरणांनी शौचाच्या तक्रारी उद्भवतात. जीव बहुधा वाचणारच होता. उरलेले आयुष्य कोणत्या अडचणीच्या संगतीत काढायचे, ते ठरवायचे होते.

मला चाकूची भीती, म्हणून मी किरणांकडे वळलो. तर तिथेही तीन वाटा! पहिली, आयोडीनचे किरणोत्सारी कण ग्रंथीत कायमचे पेरायचे. साठ दिवसांत त्यांचा जोर निम्मा होतो. पण तोवर नातवाला मांडीवर फार वेळ घ्यायचे नाही. शिवाय मी रात्रीतून तीनदा उठणारा. अशांना ही पेरणी फारशी मानवत नाही. ती वाट मिटली.

उरल्या दोन. वीस दिवस थोडे थोडे किरण, नाहीतर पाचच बैठकांत मोठे मोठे डोस. पाच बैठकांच्या उपचाराचा पाच वर्षांचा निकाल २०२४ मध्ये आला. रोग आवरण्यात तो लांबच्या उपचाराइतकाच चांगला ठरला; लघवीची कुरकुर मात्र थोडी जास्त.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाच दिवसांत मोकळे व्हाल."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, उरकून टाकायला तो काय दिवाळीचा फराळ आहे? आधीच रात्री झोप नाही तुम्हांला. वीस दिवस तर वीस दिवस. मी येईन रोज."

त्या खाजगी सुखाचा विषय मी चाचरतच काढला. किरणांनीही ते हळूहळू ओसरू शकते, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. ही थोडा वेळ गव्हातले खडे निवडीत राहिली. मग म्हणाली, "एक्केचाळीस वर्षं झाली आपल्याला. तुम्ही शेजारी घोरत असलात म्हणजे झालं." जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाने इतक्या थोडक्यात मत दिले नसते.

मी वीस घेतले. रोज आतडे रिकामे आणि मूत्राशय भरलेले ठेवायचे, म्हणजे आतड्यांना झळ कमी लागते. तांब्याभर पाणी पिऊन पाळीची वाट पाहणारे आम्ही सारे म्हातारे एकमेकांकडे नुसते पाहायचो. बोलायला गेले तर हसू येई, आणि हसणे धोक्याचे! किरण मात्र दिसत नाहीत, दुखत नाहीत. यंत्र अंगाभोवती फिरते आणि काही मिनिटांत बाई म्हणतात, "काका, उठा."

आता ठराविक महिन्यांनी रक्त तपासायचे. आकडा खाली येतो आहे. रात्री अजूनही दोनदा उठतो. अंधारात ही विचारते, "आलात का?" मी म्हणतो, "आलो." तेवढ्यावर दोघांनाही पुन्हा झोप लागते.