बेडकीला सर्दी

हिंदीत एक खोचक म्हण आहे : बेडकीलाही म्हणे सर्दी झाली! लहान जिवाने आजारपणाचे नखरे करू नयेत, असा तिचा मतलब. ती म्हण करणाऱ्याने बेडूक पाळलेला नसावा. शिरूरला आमच्या शेजारच्या धाकट्या कन्येने काचेच्या पेटीत दोन पाळले. आफ्रिकी जातीचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, जन्मभर पाण्यात राहणारे.

त्यातला एक फुगला. टम्म! जणू आत्ताच लग्नाच्या पंगतीतून उठलाय. लगेच गल्लीतले वैद्यमंडळ भरले. आजींनी पोटाला हिंग लावायला सांगितले. एका गृहस्थांनी मिठाच्या गुळण्या सुचवल्या. या जातीला जीभच नसते, तिथे गुळण्या कसल्या? गुरांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, बैल आणा, म्हैस आणा. याला सुई टोचू कुठे?"

खरी गोष्ट अशी, की बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीने पितो. थोडाफार श्वासही कातडीनेच घेतो. बाकीच्यासाठी नाक पाण्याबाहेर काढतो. म्हणजे पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात. नळाचे क्लोरीन, कुजलेले खाणे, आजींचा हिंगसुद्धा! पोटात पाणी साचणे, पाय लाल होणे, अंगावर कापसासारखी बुरशी येणे, या दुखण्यांमागे पुष्कळदा घाण पाणीच असते. तेव्हा औषध आधी पाण्याला. बादली दिवसभर उघडी ठेवून क्लोरीन उडू द्यावे, आठवड्याला पाव पेटी पाणी बदलावे, उरलेले खाणे काढून टाकावे. शिरूरच्या उन्हाळ्यात बेडकासाठी बादली बाजूला काढणे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

कातडे निघाले म्हणून मात्र घाबरू नये. बेडूक अधूनमधून कात टाकतो आणि ती स्वतःच खातो. आपण जुने कपडे बोहारणीला देतो. त्याचा संसार आपल्यापेक्षा काटकसरीचा, एवढेच.

तिसऱ्या दिवशी कोणी तरी म्हणाले, "सोडून द्या घोडनदीत. पुण्य लागेल." हे पुण्य महागात पडले असते. बेडकांच्या कातडीला ग्रासणारी एक बुरशी आहे. 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत तिने बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या. हे पाळीव पाहुणे ती अंगावर वागवू शकतात. पावसाळ्यात नदीकाठी ओरडणाऱ्या आपल्या बेडकांनी कुणाचे काय बिघडवले आहे? पेटीचे पाणीसुद्धा ओढ्यात ओतू नये, ते यासाठीच.

कन्येने ठाम नकार दिला. फुगलेला चौथ्या दिवशी गेला. फुगी चढली की उतरणे कठीणच. तिने त्याला अंगणात खोल पुरले आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसरा ठणठणीत आहे. त्याची बादली रोज सगळ्यांच्या आधी भरली जाते.

आजींनी मात्र हिंगाची डबी अजून हाताशी ठेवली आहे.