हूल

पत्त्यांत हूल कधी द्यावी हे ज्याला शिकावयाचे असेल, त्याने दिवाळीत आमच्या बाजूला यावे. आमची बाजू म्हणजे उजनीच्या फुगवट्याचा करमाळ्याकडील काठ : कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर. धरण १९८० साली पुरे झाले. जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. तीन पत्ती मात्र माणसांबरोबर नव्या गावठाणात वर आली. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, एवढा आधार मंडळींना पुरतो. (कायद्याला तो पुरेलच असे नाही.)

परदेशी पोकरमध्ये तीन पाने सर्वांसमक्ष उघडी पडतात. त्याला फ्लॉप म्हणतात. पुढची हूल त्या पानांशी जुळावी लागते. आमच्याकडे उघडे पान नाही. उघडी असते ती ज्याची त्याची चाल.

तीन पानांचे २२,१०० संच होतात आणि त्यांतल्या १६,४४० मध्ये साधी जोडीसुद्धा नसते. चारांतल्या तिघांच्या हाती धुपाटणेच! हूल चालते ती ह्यामुळे. डावात तीस रुपये, समोर एकच गडी आणि आपली दहाची चाल : चार वेळांत एकदा जरी त्याने पाने टाकली, तरी भरपाई होते. दोन गडी असले की हा हिशेब कोसळतो. ब्लाइंड खेळणाऱ्याला तर हूल देऊच नये. ज्याने स्वतःचीच पाने पाहिली नाहीत, तो आपल्या पानांना भिणार कशाला?

पण ओट्यावर आणखी एक हिशेब असतो. कोणाच्या उसाचे बिल अडकले, कोणाची मोटार जळाली, हे सर्वांना ठाऊक असते.

एका पाडव्याला माझ्यासमोर तात्या तेवढे उरले. डावात बरेच पैसे साचले होते. माझ्याकडे दश्शी, सत्ती, पंजी. तात्यांनी पाने पाहिलेली, आणि शेवटची चाल करताना त्यांनी नोट दोनदा बोटांत फिरवली होती. हुलीला ह्याहून चांगला मुहूर्त नाही. पण तात्या संध्याकाळपासून हरत होते, आणि बिल यायचे होते. हरत आलेला माणूस पाने टाकीत नाही. खिशातली शेवटची नोट घालून तो शो मागतो. त्यांची पाने माझ्याहून हलकी निघाली असती, तर?

मी पाने टाकली.

"का रं टाकलीस?" पैसे ओढताना तात्यांनी विचारले.

"पानंच नव्हती, तात्या," मी म्हटले, आणि ते खरेच होते.