नवा ड्राईव्ह, जुनी सीडी

बाहेरच्या लोकांनी वांगणीचं नाव ऐकलेलं असतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, एप्रिल २०२१ मधला तो व्हिडिओ. फलाटावरून रुळात पडलेलं मूल, वर चाचपडणारी त्याची दृष्टिहीन आई, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिशेनं धावत जाऊन मुलाला वर ढकलणारे पॉइंट्समन मयूर शेळके. दुसरं कारण खगोल मंडळाची आकाशदर्शनं. मुंबईची माणसं अंधाऱ्या आभाळाच्या शोधात इथं येतात, रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसतात आणि सकाळच्या लोकलनं परत जातात.

त्या आईसारखी बरीच दृष्टिहीन माणसं वांगणीत राहतात. कल्याण-बदलापूरपेक्षा इथली खोली स्वस्त. अनेकांचं कामाचं ठिकाण म्हणजे लोकलचा डबाच, त्यामुळं स्टेशन जवळ असलेलं बरं. एक कुटुंब आलं, त्यानं ओळखीच्या दुसऱ्याला बोलावलं, अशी ही वस्ती वाढली. यांच्यातल्या बऱ्याच घरांत संगणक आहे हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं. खरं तर नवल वाटण्याचं कारण नाही. एनव्हीडीए नावाची प्रणाली फुकट मिळते आणि पडद्यावरचं बोलून दाखवते. दोघा दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये ती सुरू केली. आमच्या ओळखीचे एक काका तिच्यावर पत्रं लिहितात, हिशेब ठेवतात आणि पडद्याकडं पाहत बसणाऱ्या माझ्यापेक्षा भरभर काम उरकतात.

काकांच्या डेस्कटॉपमधला डीव्हीडी ड्राईव्ह बंद पडला. ट्रे बाहेरच येईना. आजकाल ड्राईव्ह गेला तर कोण रडतं? नव्या कॅबिनेटला तर ती खिडकीही नसते. पण काकांच्या पत्र्याच्या पेटीत सीडींची एक पिशवी होती. बोलकी पुस्तकं, भजनं, आणि त्यातच एक घरी लिहिलेली सीडी. दृष्टिहीन कलाकारांच्या एका ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम कुणीतरी ध्वनिमुद्रित करून त्यांना दिला होता. त्यात काकू गातात. काकू गेल्या तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आईचा आवाज आपल्याला खरंच आठवतो की लोकांनी सांगून सांगून आठवल्यासारखा वाटतो, हे तिला कळत नाही. असं ती मला एकदा म्हणाली होती.

या सीडीची प्रत काढून ठेवलेली आहे, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. कुठल्याशा भाच्यानं पूर्वी गाणी पेनड्राईव्हवर घेतली होती. तो पेनड्राईव्ह मी उघडला तर अकरा फायली, प्रत्येकी ४४ बाइट. एवढ्यात गाणं तर सोडाच, त्याचं नावसुद्धा नीट मावणार नाही. गाण्याच्या सीडीवर आपण समजतो तशा फायली नसतातच. संगणक तिथं दाखवतो त्या नुसत्या खुणा, की पहिलं गाणं इथून सुरू, दुसरं तिथून. भाच्यानं त्या खुणा उचलल्या आणि गाणी सीडीवरच राहिली. म्हणजे जे काही होतं ते त्या एका चकतीवर.

मुलीनं पैसे साठवून नवा डीव्हीडी रायटर घेतला. शेजारच्या शहरातल्या दुकानात बापलेक कॅबिनेट घेऊन गेले. तिथल्या मुलानं ड्राईव्ह आधी दुकानाच्या यंत्राला जोडून चालवून दाखवला. डीव्हीडी टाकली, लागली. मग काकूंची सीडी टाकली तर ड्राईव्ह घरघरायला लागला. त्यानं चकती बाहेर काढून उलटी केली, वर चिकटवलेली ब्रेलची पट्टी पाहिली आणि नखानं तिचा कोपरा उचलायला घेतला. मुलीनं हात धरला म्हणून थांबला. हा सगळा वेळ तो बोलत होता तो मुलीशी. "यांना सांगा, स्टिकर लावायचा नसतो." यांना म्हणजे हातभर अंतरावर उभ्या असलेल्या, उत्तम ऐकू येणाऱ्या माणसाला.

हे ऐकलं तेव्हा मला सूरह अबस आठवली, कुरआनातली ८० वी. प्रेषित (स.) कुरैशांच्या सरदारांशी बोलत असताना अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम नावाचे दृष्टिहीन गृहस्थ काही विचारायला आले. मध्येच आल्यामुळं प्रेषितांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली आणि त्यावर अल्लाहकडून जाब आला. पुढं याच इब्न उम्मे मक्तूमांनी मदिनेत अजान दिली, आणि प्रेषित बाहेर गेले असताना शहराचा कारभारही पाहिला. मला या प्रसंगात नेहमी एकच गोष्ट अडवते. कपाळावरची आठी समोरच्या माणसाला दिसणारच नव्हती. त्याला कळलंही नसतं. तरी तिची नोंद झाली. दुकानातल्या पोराचा तर आवाजच होता, आणि आवाज काकांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

असो. कॅबिनेट रिक्षातून घरी आलं आणि नवा ड्राईव्ह संगणकाला दिसेना. दुकानात फोन केला तर सल्ला मिळाला: विंडोज नवीन टाकावं लागेल. हे उत्तर मला डॉक्टरनं नाडी न बघता ऑपरेशन सांगावं तसं वाटतं. विंडोज नवीन टाकणं म्हणजे काकांच्या सगळ्या सवयी, आवाजाचा वेग, एनव्हीडीएची बसवलेली घडी विस्कटणं. त्याआधी पाहण्यासारख्या चार गोष्टी असतात, आणि त्यांना क्रम असतो. वीज, केबल, बायोस, मग विंडोज. सर्वांत शेवटी सीडी.

विजेचा प्रश्न काकांनीच सोडवला. "भाई, सुरू करताना ऐका बरं. तो बारीक टर्र होतो ना, तो झाला. ट्रे पण येतो. म्हणजे जीव आहे." बरोबर होतं. ट्रे बाहेर येतो म्हणजे वीज पोचतेय. पण ड्राईव्ह मदरबोर्डशी बोलतोय की नाही हे त्यावरून कळत नाही, त्याची केबल वेगळी असते.

मग बायोस. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबलं की येतो तो पडदा. इथं एक अडचण आहे, जी डोळस माणसाच्या कधी लक्षात येत नाही. एनव्हीडीए बोलते ती विंडोज उठल्यावर. बायोसमध्ये ती नसते. रोज आपलं यंत्र आपण चालवणारा माणूस या पडद्यावर आला की पूर्ण परावलंबी होतो. मी वाचू लागलो, "हार्ड डिस्क दिसतेय, ड्राईव्ह काही दिसत नाही," तर काका म्हणाले, "सगळं वाचा. तुम्हाला पाहिजे तेवढंच नको." मग मी ओळ न ओळ वाचली. पोर्ट शून्यावर हार्ड डिस्क, एक रिकामा, दोन रिकामा, तीन रिकामा. चारही पोर्ट चालू ठेवलेले. "मग केबलच," काका म्हणाले.

प्लग भिंतीतून काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि पुढचं काम काकांच्या बोटांवर सोपवलं. साटा केबलच्या टोकाला आत इंग्रजी एलसारखी खाच असते, त्यामुळं ती उलटी बसत नाही. बोटाला ती खाच लगेच कळते. ड्राईव्हकडचं टोक पक्कं होतं. मदरबोर्डकडचं अर्धवट वर आलेलं. स्वस्त केबलला पकडून ठेवणारी पत्र्याची जीभ नसते, आणि वांगणीच्या रस्त्यावरची रिक्षा तुम्ही अनुभवली असेलच. जीभवाली दुसरी केबल लावली, बायोस पुन्हा वाचला. दोन नंबरवर ड्राईव्ह हजर.

विंडोजमध्ये मात्र अजून नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढं पिवळा त्रिकोण आणि कोड १९, म्हणजे रजिस्ट्रीतली नोंद अपुरी किंवा बिघडलेली. अशा वेळी नव्वद टक्के लोक ड्राईव्ह परत करायला जातात (हा आकडा माझ्या चिडचिडीचा आहे, सर्वेक्षणाचा नाही). बिघाड ड्राईव्हमध्ये नसतो. पूर्वी या संगणकात सीडी लिहिण्याची एक प्रणाली होती, ती मध्ये केव्हातरी काढून टाकली होती. अशा प्रणाली ड्राईव्ह आणि विंडोज यांच्या मध्ये आपला एक दलाल बसवतात. प्रणाली गेली तरी दलालाचं नाव रजिस्ट्रीत राहतं. विंडोज त्याला हाक मारतं, तो येत नाही, आणि ड्राईव्ह दाराबाहेर उभा राहतो.

उपाय छोटा आहे. सीडी-डीव्हीडी ड्राईव्हांसाठी रजिस्ट्रीत एक ठरलेला कप्पा असतो, त्याचं लांबलचक नाव ४डी३६ई९६५ नं सुरू होतं. त्यात अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स अशा दोन नोंदी सापडल्या तर त्या काढायच्या आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. काढण्यापूर्वी तो कप्पा एक्सपोर्ट करून बाजूला ठेवायचा, आणि शेजारच्या कप्प्याला हात लावायचा नाही. इथं एनव्हीडीए बोलत होती, म्हणून हे काम काकांनी स्वतः केलं. ते नाव त्यांनी दोनदा अक्षर-अक्षर ऐकलं, मगच डिलीट दाबलं. संगणक परत उठला तेव्हा ड्राईव्ह आपल्या जागी होता.

आता सीडी.

टाकली, आणि काका मान वाकडी करून ऐकू लागले. ड्राईव्ह वेग घेई, घरघर वाढे, मग मंदावे, पुन्हा चढे. तीन वेळा असं करून थांबला. सीडी आणि डीव्हीडी वाचायला ड्राईव्हमध्ये वेगवेगळे लेसर असतात, ७८० आणि ६५० नॅनोमीटरचे, त्यामुळं डीव्हीडी लागते म्हणजे सीडी लागेलच असं नाही. खात्री करायला माझ्याकडची एक छापील सीडी आणली, मोहम्मद अली रोडवर केव्हातरी घेतलेली तिलावतची. ती पहिल्या झटक्यात लागली. काका म्हणाले, राहू द्या थोडी. दहा-पंधरा मिनिटं आम्ही ऐकत बसलो. लेसर ठीक होता.

"भाई, ही गोल फिरते. ती कलंडते," काका म्हणाले. दोन्ही चकत्यांच्या आवाजातला फरक त्यांनी असा सांगितला, आणि तेच निदान होतं. ब्रेलची पट्टी चकतीच्या एकाच बाजूला होती. सीडी मूळ वेगानं मिनिटाला दोनशे ते पाचशे फेरे घेते. आजचे ड्राईव्ह तिला दहा हजारांच्या आसपास नेऊ पाहतात. त्या वेगाला पट्टीचं वजनही पुरतं, चकती थरथरते, लेसरची नेम चुकते.

मग पट्टी काढावी? मुळीच नाही. आपल्याला वाटतं की सीडीवरची माहिती चकचकीत, खालच्या बाजूला असते. खाली असतं जाड प्लास्टिक. माहितीचा आणि आरशाचा थर वरच्या, छापील बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. वर्षानुवर्षं चिकटलेली पट्टी ओढली की पापुद्रा आणि आरसा तिच्यासोबत निघून येतो, आणि तिथली गाणी कायमची जातात. दुकानात मुलीनं हात धरला नसता तर त्या दिवशी तिथंच सगळं संपलं असतं.

पट्टी तशीच ठेवून वेग कमी करायचा होता. ड्राईव्हला ठरावीक वेगावर बांधून ठेवणाऱ्या छोट्या प्रणाली मिळतात. चकती मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ पुसली (गोल पुसायची नसते), वेग चौपटीवर बांधला, आणि गाणी उतरवायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी लावली. ती प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताळा जुळवते. घरघर थांबली. पहिलं गाणं बारा मिनिटांत आलं.

एकूण अकरापैकी नऊ स्वच्छ आली. अकराव्यात शेवटी टाळ्या तुटतात, त्याचं कुणाला काही नाही. दहावं काकूंचं. त्याला रात्रीचे अडीच तास लागले, कारण दुसऱ्या कडव्यापाशी सीडीचा रंग उडाला होता. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि ऊन-दमट हवा त्याला खाते. आपल्याकडचे चार महिने पत्र्याच्या पेटीत काय होत असेल ते सांगायला नको. शेवटी दोन सेकंदांची जागा रिकामी राहिली.

मी म्हणालो, मागची खरखर थोडी साफ करता येईल. काका नको म्हणाले. गाण्याआधी काकू खोकतात आणि "पट्टी खाली घ्या" असं पेटीवाल्याला सांगतात, तेही कापू नका म्हणाले. मुलगी ते वाक्यच परत परत लावत होती, गाणं नाही. "चाचा, ही रागावली की अशीच बोलायची असेल," ती म्हणाली. काका हसले. म्हणाले, "रागावली की बोलायचीच नाही."

तीन प्रती केल्या. एक संगणकावर, एक पेनड्राईव्हवर, एक मुलीच्या फोनमध्ये. प्रत्येक फायलीचा आकार मोठ्यानं वाचून पाहिला, ४४ बाइटची आठवण ताजी होती.

त्यानंतर वस्तीतल्या आणखी दोघांनी आपापल्या पिशव्या आणल्या आहेत. काका चकत्या हातात घेऊन आधी वरून बोट फिरवतात आणि पट्टीवाल्या वेगळ्या काढतात. नव्या पट्ट्या चकतीवर न लावता पाकिटावर लावा, असं ते प्रत्येकाला सांगतात. एकाच्या पिशवीत सत्तावीस निघाल्या, त्यातल्या एकोणीस पट्टीच्या. रोज रात्री दोन, चौपट वेगानं, लाइट गेले नाहीत तर.